राउटर बदलला की बोर्ड गप्प का होतो: कर्नलमधल्या एआरपी दोषाची दुरुस्ती

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. वीजमीटरची रीडिंग गोळा करणारा तुमच्या कंपनीचा गेटवे बोर्ड आहे आणि त्यावर तुमच्याच टीमने सांभाळलेलं एक छोटं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) चालतं. गिऱ्हाइकाकडचा राउटर जळाला आणि त्याच आयपी पत्त्यावर दुसरा बसवला, की बोर्ड सर्व्हरशी बोलायचा थांबतो. रिबूट केला की लगेच चालतो. एआरपी टेबल म्हणजे कुठला आयपी पत्ता कुठल्या मॅक पत्त्यावर, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या हार्डवेअर पत्त्यावर, आहे याची बोर्डची वही. त्यातली नोंद किती वेळ धरायची, तो टाइमआउट तुम्ही २० मिनिटांवरून १ मिनिटावर आणलात. त्याने दोन ठिकाणी बरं झालं, पण हिंगण्याच्या कारखान्यात झालं नाही. तिथे रात्री उत्पादनाची लाइन (वीज नव्हे) बंद असली तर सकाळी कधी कधी बोर्ड आपोआप सुरू झालेला सापडतो, हे तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय. आता तो टाइमआउट १० सेकंदांवर आणावा का, असं विचारताय.

आणू नका. निदान ते शेवटचं वाक्य नीट वाचल्याशिवाय तरी नाही, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नात मला तेच सर्वांत मोलाचं वाटलं.

मी नागपुरातच असल्या बोर्डांच्या नेटवर्क स्टॅकवर काम करतो. सात-आठ वर्षांपूर्वी मे महिन्यात बुटीबोरीच्या एका कारखान्यातून नेमकी हीच तक्रार आली होती. बाहेर ४५ अंश, पत्र्याच्या शेडमधल्या पॅनेलमध्ये राउटर उकडून मेलेला, बदललेला नवा राउटर ठणठणीत, आणि आमचा बोर्ड मुका. दोन दिवस मी ड्रायव्हर चाळला, केबल बदलल्या, स्विच बदलला. तिसऱ्या दिवशी तिथला इलेक्ट्रिशियन म्हणाला, ‘‘साहेब, लाइन रातभर बंद राह्यली का सकाळी आपसुकच चालते जी.’’ मी वर्धा रोडने परत येताना तेच वाक्य घोळवत होतो. बोर्ड रात्रभर गप्प बसला की बरा होतो आणि बोलत राहिला की आजारी राहतो. म्हणजे त्याचं बोलणंच त्याचा आजार टिकवून धरत होतं.

तुमची खरी अडचण हीच असावी असं मला वाटतं. तुम्ही टाइमआउट किती ठेवायचा असं विचारताय. त्याआधी विचारायला हवं की टाइमआउटचं घड्याळ पुन्हा शून्यावर कोण आणतं? माझा अंदाज असा की तुमच्या कर्नलमध्ये पॅकेट पाठवताना नोंद वापरली गेली की तिचं आयुष्य नव्याने सुरू होतं. हिंगण्यात लाइन चालू असताना बोर्ड काहीतरी ठरावीक वेळाने पाठवत असणार, मिनिटाच्या आत, बहुधा ‘मी जिवंत आहे’ असं सांगणारं छोटं यूडीपी पॅकेट, म्हणजे पोच न मागणारं. ते प्रत्येक पॅकेट मेलेल्या राउटरच्या मॅक पत्त्यावर जातं, आणि जाताना त्या मेलेल्या नोंदीला आणखी एक मिनिट देऊन जातं.

आपल्याकडच्या उदाहरणाने सांगतो. धरमपेठेत राहणारा तुमचा मित्र मनीषनगरला राहायला गेला. तुम्ही दर आठवड्याला त्याला जुन्या घरी पत्र टाकता. पत्र टाकलं म्हणून तो अजून धरमपेठेतच आहे, असं तुमच्या वहीत लिहाल का? पत्ता खरा आहे हे त्याच्याकडून उत्तर आल्यावर कळतं. कर्नलच्या वहीतही नोंद ‘वापरली’ आणि नोंदीची ‘खात्री झाली’ या दोन गोष्टी आहेत, आणि त्यांना एकच वेळ दिली की हा दोष जन्माला येतो.

मग बाकीच्या दोन ठिकाणी एका मिनिटाने काम कसं झालं? तिथे बहुतेक फक्त टीसीपी, म्हणजे पाठवलेल्याची पोच मागणारी पद्धत, असणार. टीसीपीला पोच मिळाली नाही की पुन्हा पाठवण्यातलं अंतर दुपटीने वाढत जातं: १ सेकंद, २, ४, ८, १६, ३२, मग ६४. त्या ६४ सेकंदांच्या शांततेत तुमची ६० सेकंदांची नोंद मरते, पुढच्या वेळी बोर्ड नव्याने विचारतो आणि गाडी रुळावर येते. साधारण दोन मिनिटं लागली असतील. जुन्या २० मिनिटांच्या टाइमआउटला एवढी लांब शांतता कधी मिळालीच नाही. तेव्हा त्या दोन ठिकाणीही दोष गेलेला नाही, झाकला गेलाय. उद्या कुणी तिथे २० सेकंदांचं जिवंतपणाचं पॅकेट सुरू केलं की तो पुन्हा वर येईल. टाइमआउट १० सेकंद केलात तर हिंगणाही कदाचित शांत होईल, पण ५ सेकंदांनी पाठवणारं गिऱ्हाईक येईपर्यंतच.

हे सगळं तुमचा कोड न बघता बोलतोय, म्हणून आधी सिद्ध करा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

टेबलावर बोर्ड आणि एक लिनक्स लॅपटॉप ठेवा. लॅपटॉपच राउटर, पत्ता १९२.१६८.१.१. त्याला हाताने मॅक पत्ता द्या ०२:००:००:००:००:०१. सुरुवातीच्या ०२ मुळे तो स्थानिक वापराचा ठरतो, कुणाच्या खऱ्या कार्डाशी टक्कर होत नाही. बोर्डवरून दर २० सेकंदांनी एक यूडीपी पॅकेट पाठवत ठेवा. दोन मिनिटांनी लॅपटॉपचा इंटरफेस बंद करून शेवटचा आकडा ०१ चा ०२ करा आणि पुन्हा चालू करा. लिनक्स मूळ सेटिंगमध्ये आपला बदललेला पत्ता स्वतःहून जाहीर करत नाही, त्यामुळे बोर्डला कुणी सांगणार नाही. आता दहा मिनिटं लॅपटॉपवर टीसीपीडम्पने (तारेवरची पॅकेटं पकडून दाखवणारं साधन) नुसतं बघा. माझा अंदाज बरोबर असेल तर ३० पॅकेटं दिसतील, तिसांच्या तीस ०१ वर जाणारी, आणि मधे बोर्डचा एकही एआरपी प्रश्न नाही. मग तोच प्रयोग ९० सेकंदांच्या अंतराने करा. या वेळी बदलानंतरच्या पहिल्याच पॅकेटच्या आधी बोर्ड ‘१९२.१६८.१.१ कुणाचा?’ असं विचारेल आणि सगळं सुरळीत होईल. कमी बोलल्यावर बरा आणि जास्त बोलल्यावर आजारी, हे दोन्ही कॅप्चर समोरासमोर ठेवले की टीममध्ये कुणाशी वाद घालावा लागत नाही.

या प्रयोगात दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं म्हणजे टीसीपीडम्प कार्डाला प्रॉमिस्क्युअस मोडमध्ये टाकतं, त्यामुळे दुसऱ्याच्या मॅक पत्त्यावर आलेली फ्रेमही (मॅक पत्ता लिहिलेलं पॅकेटचं पाकीट) पडद्यावर दिसते. नवखा माणूस म्हणतो, पॅकेट तर पोहोचलं, मग लॅपटॉप उत्तर का देत नाही? ‘मायनस ई’ हा पर्याय लावून फ्रेमवरचा मॅक पत्ता वाचा. तिथे ०१ असेल तर ते पॅकेट लॅपटॉपसाठी नव्हतंच. दुसरं, लॅपटॉपवरून बोर्डला पिंग करू नका. इंटरफेस बंद-चालू झाल्यावर लॅपटॉपला बोर्डचा पत्ता माहीत नसतो, तो एआरपीने विचारतो, त्या प्रश्नात त्याचा स्वतःचा नवा मॅक असतो, बोर्ड तो उचलतो आणि दोष तुमच्या डोळ्यांदेखत नाहीसा होतो. फील्डवरचे इंजिनिअर राउटरवर लॉगिन करून पहिलं काम पिंगचंच करतात आणि ‘आता चालू आहे’ असं कळवून तिकीट बंद करतात. बुटीबोरीत माझ्या आधी दोघांनी तसंच केलं होतं.

आता दुरुस्तीकडे. यात मी सर्वांत जास्त वेळ घालवायला सांगेन तो नोंदीच्या रचनेवर. एका ‘एक्स्पायरी’ ऐवजी दोन वेळा ठेवा: शेवटची खात्री कधी झाली आणि शेवटचा वापर कधी झाला. लिनक्सच्या शेजारी-टेबलातल्या नोंदीत ‘कन्फर्म्ड’, ‘अपडेटेड’ आणि ‘यूज्ड’ अशा तीन वेगळ्या वेळा आहेत, ते याचसाठी. वापराची वेळ फक्त एकाच कामाची: टेबल भरलं की कुणाला काढायचं हे ठरवायला. नोंद खरी की खोटी हे ठरवताना तिच्याकडे बघायचंही नाही. पाठवणाऱ्या फंक्शनला खात्रीच्या वेळेला हात लावायची परवानगीच नको.

ही काही माझी पदरची कल्पना नाही. १९८९ च्या आरएफसी ११२२ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे दस्तऐवज) स्पष्ट लिहिलंय की नोंद वापरात असली तरी ती ठरावीक काळाने बाद झाली पाहिजे. ‘वापरात असली तरी’ हे शब्द तिथे मुद्दाम आहेत. तिथेच दुसरा मार्गही दिलाय: नोंद असलेल्या यंत्राला मधून मधून थेट त्याच्याच पत्त्यावर एआरपी प्रश्न पाठवा आणि लागोपाठ दोनदा उत्तर आलं नाही तर नोंद काढा.

हा दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, आणि त्यामागे एक चूक आहे. बुटीबोरीचा दोष सापडल्यावर मी आधी सरळ दुरुस्ती केली: खात्रीला ६० सेकंद झाले की नोंद उडवायची. दोष गेला, पण दर मिनिटाला एकदा पॅकेटांना ठेच लागू लागली. नोंद गेली, पुन्हा विचारा, तोपर्यंत पॅकेट थांबवा, उत्तर आल्यावर सोडा. मीटरच्या रीडिंगला त्याने काही होत नाही, पण त्याच बोर्डवरून एका ठिकाणी मशीनचा कंट्रोल चालत होता आणि तिथे ती काही मिलिसेकंदांची ठेच लॉगमध्ये दर मिनिटाला ठळक दिसायची. म्हणजे चांगल्या नोंदींनाही मी दर मिनिटाला शिक्षा देत होतो. संशय आला म्हणून लगेच हाकलायचं नाही, वापरत राहायचं आणि तपासायचं. लिनक्सने ही रीत शेजारी शोधण्याच्या आयपीव्ही६ च्या नियमांसारखीच एआरपीलाही लावली आहे.

तुमच्या छोट्या कर्नलला चार अवस्था पुरतील. ‘अपूर्ण’ म्हणजे प्रश्न विचारलाय, उत्तर नाही. ‘खात्रीची’ म्हणजे ३० सेकंदांच्या आत खात्री झालेली. ‘शिळी’ म्हणजे ती मुदत उलटून गेलेली. शिळ्या नोंदीवर पॅकेट पाठवायला हरकत नाही, पण पाठवल्याक्षणी ५ सेकंदांचा टायमर लावायचा. त्या पाच सेकंदांत वरच्या थरातून खात्री मिळाली तर नोंद पुन्हा ‘खात्रीची’. नाही मिळाली तर ‘तपासणी’: जुन्याच मॅक पत्त्यावर थेट प्रश्न, सेकंदाला एक, असे तीन. तरीही उत्तर नाही तर नोंद ‘अपूर्ण’ करून सगळ्यांना विचारा. ३० सेकंद, ५ सेकंद, तीन प्रश्न, एक सेकंद, हे आकडे लिनक्सचे मूळ आकडेच आहेत. तुमच्या २० सेकंदांच्या पाठवणीला हिशेब लावून बघा: वाईटात वाईट ३० अधिक पुढच्या पॅकेटपर्यंत २० अधिक ५ अधिक ३, म्हणजे ५८ सेकंदांत बोर्ड नव्या राउटरला शोधायला लागतो.

तो ३० चा आकडा मात्र प्रत्येक वेळी थोडा हलवा. लिनक्स त्याला अर्धपट ते दीडपटीच्या मधल्या कुठल्याही आकड्याने गुणतं, म्हणजे १५ ते ४५ सेकंद. एका कारखान्यात तुमचे चाळीस बोर्ड एकाच फीडरवर असतील तर वीज आल्यावर चाळीसही एकाच क्षणी जागे होतात आणि नंतर दर ३० सेकंदांनी एकाच क्षणी राउटरला विचारतात. आकडा हलवला की ही कवायत मोडते. वाईटात वाईट वेळ मग सव्वा मिनिटापर्यंत जाते, तेवढं चालेल.

वरच्या थरातून खात्री म्हणजे काय, यात मात्र काटेकोर राहा. टीसीपीला आपण पाठवलेल्या नव्या डेटाची पोच आली, तर आपलं पॅकेट पलीकडे पोहोचलं हे नक्की. ती खरी खात्री. पण राउटरकडून नुसतं एखादं आयपी पॅकेट आलं म्हणून खात्री धरू नका. तिकडून इकडे येण्याचा रस्ता चालू आहे एवढंच त्यातून कळतं, इकडून तिकडे जाण्याचा नाही. यूडीपीच्या बाबतीत कर्नलला काहीच कळत नाही, ते अ‍ॅप्लिकेशनलाच माहीत असतं. लिनक्समध्ये त्यासाठी पाठवताना ‘एमएसजी कन्फर्म’ हा झेंडा लावता येतो. तुमच्याकडे तशी सोय नसेल तर घाई करून बनवू नका. यूडीपीसाठी थेट प्रश्नच पुरे आहेत, अर्ध्या मिनिटातून एक छोटी फ्रेम कुठल्याही तारेला जड नाही.

आता पॅकेट घेण्याची बाजू. इथेही तुमच्याकडे दुसरा दोष असण्याची दाट शक्यता आहे. नवा राउटर आल्यावर तो इतर बोर्डांना, प्रिंटरला, कुणाकुणाला एआरपीने विचारतच असतो. ते प्रश्न सगळ्यांना ऐकू जातात आणि प्रत्येकात राउटरचा आयपी आणि नवा मॅक लिहिलेला असतो. तुमच्या बोर्डने त्यातूनच शिकायला हवं होतं. का शिकला नाही?

एआरपीचा मूळ मसुदा म्हणजे आरएफसी ८२६, नोव्हेंबर १९८२, डेव्हिड प्लमर यांचा. पॅकेट आलं की काय करायचं याचा क्रम त्यात दिलाय आणि तो क्रमच सगळं काही आहे. आधी पाठवणाऱ्याचा आयपी आपल्या टेबलात आहे का बघा, असेल तर त्याचा मॅक अद्ययावत करा. मग विचारा, हे पॅकेट माझ्यासाठी आहे का? असेल आणि नोंद नसेल, तर नोंद करा. सर्वांत शेवटी बघा की हा प्रश्न आहे की उत्तर. मूळ मजकुरात त्या जागी ‘आता ऑपकोड (प्रश्न की उत्तर हे सांगणारा आकडा) बघा’ या अर्थाची ओळ दोन उद्गारचिन्हं देऊन लिहिली आहे. इतकं ठासून सांगूनही छोट्या कर्नलमध्ये मला हा क्रम वारंवार उलटा सापडतो. लिहिणाऱ्याला वाटतं, पॅकेट माझं नाही तर पहिल्याच ओळीत फेकू, वेळ वाचेल. किंवा प्रश्न आणि उत्तर यांची दोन वेगळी फंक्शन करतात आणि अद्ययावत करण्याचं काम फक्त उत्तराच्या फंक्शनमध्ये राहतं. तुमच्या एआरपी घेणाऱ्या फंक्शनच्या पहिल्या पंधरा ओळी वाचा. ‘माझा पत्ता नसेल तर परत जा’ ही ओळ टेबल बघण्याच्या आधी आहे का, एवढंच बघा.

आता एक मर्यादा. असलेली नोंद अद्ययावत करणं वेगळं आणि ऐकलेल्या प्रत्येकाची नवी नोंद करणं वेगळं. दुसरं केलंत तर मोठ्या नेटवर्कवर टेबल भरून वाहील आणि कुणीही खोटं पॅकेट टाकून तुमचं टेबल सजवेल. एआरपीत ओळख पटवण्याची सोयच नाही, त्यामुळे पहिल्या प्रकारातही धोका शून्य होत नाही. गिऱ्हाईक कडक सुरक्षेचं असेल तर अशा ऐकीव बातमीने मॅक लगेच बदलू नका. नोंद ‘तपासणी’त टाका, जुन्या पत्त्यावर थेट विचारा, जुना उत्तर देत असेल तर त्याचंच खरं. हे तुमच्या गिऱ्हाइकांवर अवलंबून आहे, माझ्याकडे याचं एक उत्तर नाही. आणि राउटरची जोडी व्हीआरआरपीवर (दोन राउटरनी एकच पत्ता सांभाळण्याची पद्धत) चालत असेल तर एक गेला तरी दुसरा तोच आभासी मॅक घेऊन उभा राहतो, तिथे हा प्रश्न सहसा येतच नाही.

तुम्ही कदाचित म्हणाल, नवा राउटर चालू होताना स्वतःहून आपला पत्ता जाहीर करतो ना? बरेच करतात. पण राउटर आणि स्विच एकाच पॅनेलमध्ये, एकाच वेळी चालू होतात. स्विचवर जुन्या पद्धतीचं स्पॅनिंग ट्री (तारांचं वर्तुळ टाळणारी सोय) असेल तर पोर्ट आधी १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ सेकंद शिकण्यात घालवतं. राउटरची हाक त्या ३० सेकंदांत गेली तर ती कुणालाच ऐकू येत नाही. तेव्हा त्या घोषणेवर विसंबणारी दुरुस्ती टेबलावर पास होते आणि शेडमध्ये नापास.

इथवरचं एका दमात: वापर आणि खात्री वेगळी करा, संशयित नोंद उडवण्याऐवजी तपासा, आणि आलेल्या पॅकेटचा क्रम मूळ मसुद्याप्रमाणे लावा. आता कोड लिहिताना जिथे हमखास रक्त आटतं ते सांगतो.

टायमर आला की त्याच्याबरोबर स्पर्धा येते. पाठवणाऱ्या फंक्शनने नोंदीचा पॉइंटर उचललाय आणि त्याच क्षणी टायमरने ती नोंद मोकळी केली, तर तुम्ही मोकळी झालेली मेमरी वाचता. हे महिन्यातून एकदा होईल आणि कधीच हाती लागणार नाही. प्रत्येक नोंदीला रेफरन्स काउंट, म्हणजे ती सध्या कितीजण वापरताहेत याची मोजणी, द्या. टेबलच्या लॉकखाली शोधा, काउंट वाढवा, लॉक सोडा, काम करा, काउंट उतरवा. टायमरने नोंद टेबलातून काढायची, मोकळी करायची ती काउंट शून्यावर आल्यावरच.

मॅक पत्ता सहा बाइटचा आहे. ३२ बिटच्या प्रोसेसरवर तो एका झटक्यात लिहिला जात नाही. एकजण लिहीत असताना दुसऱ्याने वाचला तर अर्धा जुना आणि अर्धा नवा, असा जगात कुणाचाच नसलेला पत्ता फ्रेमवर जातो. लिनक्सने याच कामासाठी त्या पत्त्याला स्वतंत्र क्रमांक-लॉक ठेवलंय. तुमच्याकडे साधं लॉक घेऊन स्थानिक चलात सहा बाइट कॉपी केलेत तरी पुरे.

थांबवलेल्या पॅकेटांची रांग सोडतानाही एक खड्डा आहे. उत्तर आलं, तुम्ही नोंदीचं लॉक धरलंय आणि तसंच धरून रांगेतली पॅकेटं पाठवायला घेतलीत. पाठवणारं फंक्शन तेच लॉक मागतं आणि बोर्ड जागेवर गोठतो. लॉकखाली पूर्ण रांग एका स्थानिक पॉइंटरवर उचलून घ्या, नोंदीतली रांग रिकामी करा, लॉक सोडा, मग पाठवा. रांगेत किती ठेवायचं? आरएफसी ११२२ म्हणतं निदान शेवटचं एक. तुमच्या मेमरीत तीन-चार बसत असतील तर ठेवा, पण वरची मर्यादा घाला.

आणखी एक जागा तपासा, कारण मला ती एकदा आठवडाभर चकवून गेली. वेग वाढवण्यासाठी काही कर्नल पूर्ण बांधलेलं इथरनेट हेडर सॉकेटपाशी किंवा रूटपाशी साठवून ठेवतात. मग एआरपी टेबलात नवा मॅक दिसतो आणि तारेवर मात्र जुनाच जातो. टेबल एक सांगतं आणि तार दुसरं सांगते, असं दिसलं की ही साठवलेली प्रत शोधा. नोंदीचा मॅक बदलला की ती प्रतही बाद झाली पाहिजे.

घड्याळाची तुलना कशी केलीय तेही बघून घ्या. ३२ बिटचा मिलिसेकंदांचा आकडा ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो. ‘आत्ताची वेळ मुदतीपेक्षा मोठी’ अशी थेट तुलना असेल तर त्या दिवशी नोंदी अमर तरी होतात किंवा जन्मतःच मरतात. दोन वेळांची वजाबाकी करा आणि ती चिन्हासह शून्याशी ताडून बघा. लिनक्सने स्वतःचा असा आकडा मुद्दाम शून्याच्या पाच मिनिटं आधीपासून सुरू केलाय, म्हणजे उलटण्याचा दोष असेल तर बूट झाल्यावर पाच मिनिटांतच डोळ्यांसमोर येतो. ही युक्ती जरूर उचला. एका ओळीचं काम आहे.

हे बदल एका पॅचमध्ये कोंबू नका. पहिला पॅच फक्त दोन वेळा वेगळ्या करणारा. दुसरा घेण्याचा क्रम सुधारणारा. तिसरा अवस्था आणि तपासणी. लॉकचं काम तिसऱ्याच्या आधी, स्वतंत्र. प्रत्येकाच्या कमिट मेसेजमध्ये ‘टाइमआउट सुधारला’ असं न लिहिता काय दिसत होतं, का दिसत होतं आणि कुठल्या प्रयोगाने पुन्हा दिसतं ते लिहा, वरचे २० आणि ९० सेकंदांचे आकडे घालून. दोन वर्षांनी कुणीतरी वेगासाठी पाठवणाऱ्या फंक्शनमध्ये पुन्हा वेळ ताजी करायची ओळ टाकेल, तेव्हा तो मेसेजच त्याला अडवेल. आणि तुमचं कर्नल कुठल्या मुक्त प्रकल्पातून फुटून आलं असेल, तर आधी तिथला ताजा कोड वाचा. हा दोष तिथे कधीच दुरुस्त झालेला असू शकतो.

चाचणी रात्रभराची लावा. लॅपटॉपवर छोटी स्क्रिप्ट: दर तीन मिनिटांनी मॅक बदल, आणि बोर्डकडून येणाऱ्या दोन पॅकेटांतलं सर्वांत मोठं अंतर नोंदव. लॅपटॉप आणि बोर्ड दोन्ही इन्व्हर्टरवर ठेवा, मधे वीज गेली तर बोर्ड रिबूट होतो आणि सकाळी हातात खोटा निकाल येतो. दहा तासांत २०० बदल होतात. २० सेकंदांच्या पाठवणीला एकाही बदलात सव्वा मिनिट अधिक एका पॅकेटचं अंतर, म्हणजे साधारण ९५ सेकंदांच्या वर खंड दिसला, तर तिसऱ्या पॅचमध्ये काहीतरी सुटलंय.

हिंगण्याला आजच काहीतरी द्यायचं असेल तर तात्पुरता उपाय म्हणून दर पाच मिनिटांनी राउटरची एकच नोंद काढून टाकणारं काम लावा. त्याने खंड पाच मिनिटांच्या आत राहील. राउटरचा मॅक कायमचा लिहून ठेवणारी स्थिर नोंद मात्र करू नका, कारण पुढच्या उन्हाळ्यात राउटर पुन्हा बदलला की रिबूटही तुम्हाला वाचवणार नाही.

आधी २० आणि ९० सेकंदांचा प्रयोग करा. ९० सेकंदांनी पाठवूनही बोर्ड जुन्याच मॅकवर जात राहिला, तर माझा पहिला अंदाज चुकला आणि साठवलेल्या हेडरपासून शोध सुरू करायला हवा. तसं झालं तर दोन्ही कॅप्चर आणि एआरपी घेणाऱ्या फंक्शनच्या त्या पहिल्या पंधरा ओळी पाठवा, बघून सांगतो.